थोरल्या घरचं मूल

बोरामला बसायला काय द्यायचं यावरूनच सकाळी पहिली चकमक झाली. आई म्हणाली, खुर्ची. मिरान वहिनी म्हणाली, पाठ टेकेल असं काहीतरी हवं. आजी म्हणाली, "खुर्चीत बसून काय दरबार भरवायचाय? भरल्या दिवसांत मी कोबीच्या ढिगावर बसून हात चालवलेत." शेवटी ग्युते दादाने सफरचंदांचा एक क्रेट उपडा केला, त्यावर जुनी गोधडी टाकली आणि काही न बोलता निघून गेला. बोराम त्यावर बसली. क्रेट डगमगत होता, पण निदान तो सल्ला तरी देत नव्हता.

नोव्हेंबर संपत आला की दरवर्षी थोरल्या घराच्या सफरचंदांच्या शेडमध्ये सगळे जमायचे आणि हिवाळाभराची किमची घालायचे. रात्रभर मिठात मुरलेले कोबी धुऊन निथळत ठेवले होते. मुळ्याचा कीस, लसूण, आलं, मिरचीची पूड आणि खारवलेला जवळा असा लालभडक मसाला मोठ्या टपात कालवून तयार होता. लाल रबरी हातमोजे घातलेल्या बायका टपाभोवती बसून कोबीचं एकेक पान उचलायच्या आणि त्यात मसाला चोळायच्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा सगळा कारभार थोरल्या काकूच्या हातात होता. ती गेल्यावर तो तिच्या सुनेकडे, मिरान वहिनीकडे आला. म्हणजे राबायची वहिनी आणि हुकूम सोडायची आजी.

"मीठ कमी आहे," आजी म्हणाली.

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना, जास्त आहे म्हणून?" बोरामची आई वैतागून म्हणाली.

"मघाशी जास्त होतं."

बोराम मान खाली घालून पानं भरत राहिली. मागचा महिनाभर तिचा हाच उद्योग होता, मान खाली घालायची आणि आकडा न मोजता दहापर्यंत मोजल्यासारखं करायचं. ती तेगूला एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पोहांगच्या ज्या मुलाशी तिचं जमलं होतं, त्याने दिवस गेल्याचं ऐकून आधी पोटभर रडून घेतलं. मग म्हणाला, आईशी बोलून येतो. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. ढगळ कोट घालून बोरामने जमेल तितके दिवस रेटले आणि शेवटी घरी सांगितलं. त्याच दमात हेही सांगून टाकलं की मूल ती ठेवणार नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेशी बोलणं झालंय, बाळंतपणापर्यंत त्यांच्याच वसतिगृहात राहायचं ठरलंय. आईने हे कुणालाही सांगितलं नाही. या घरात त्याचा अर्थ एवढाच, की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

आज तिला आग्रहाने बोलावलं तेही आईनेच. "तू आली नाहीस तर लोक विचारतील," असं म्हणून. आणि ती आल्यावर पहिलं वाक्य होतं, "कोट काढू नकोस, लोक बघतील."

दुपारी कामाला खंड पडला. वहिनीने उकडलेलं डुकराचं मांस कापून मांडलं. नुकत्याच भरलेल्या किमचीच्या पानात त्याचा तुकडा गुंडाळून खायचा, हा त्या दिवसाचा खरा मान. सगळे गॅसच्या शेगडीभोवती गोल करून बसले. थोरले काका, हाक्सू, सगळ्यांच्या मध्ये. बाग त्यांची, शेड त्यांची, पूर्वजांची पूजा त्यांच्या हातची आणि या घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. सकाळपासून त्यांनी बोरामकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता दोन घास पोटात गेल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"बोराम."

"काय काका?"

"बाळंतपण तेगूतच कर. इथं नको. सगळं उरकलं की मूल इकडे येईल. ग्युते आणि मिरान त्याला वाढवतील. थोरल्या घरचं मूल म्हणून त्याचं नाव लागेल. तू तुझ्या कामावर परत जा. पुढे लग्नबिग्न कर. झालं."

बागेतली कुठली झाडं यंदा छाटायची हे सांगावं, तशा सुरात ते बोलले. बोरामने आईकडे पाहिलं. आई वाटीतलं सूप ढवळत होती. सूप कधीच निवलं होतं. म्हणजे हिला माहीत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले आणि सिगारेटचं पाकीट चाचपत बाहेर गेले. घरात महत्त्वाचं काही बोललं जाणार असलं की त्यांना हमखास सिगारेटची तलफ यायची. ग्युते दादा पायाजवळच्या सिमेंटकडे बघत होता. मिरान वहिनीचे दोन्ही हात मांडीवर होते, हातमोज्यांसकट.

"काका, माझं संस्थेशी ठरलंय," बोराम म्हणाली.

"मग नाही म्हणून कळव त्यांना. माणूस म्हणजे काय भाजी आहे का, टोपलीत घालून वाटायला? इथं घरात जागा रिकामी आहे आणि तू रस्त्यावरच्या कुणालाही देणार?"

"कुणालाही नाही देत ते. घर बघतात, चौकशी करतात. मग कोर्टात..."

"कोर्टात!" आजी फिस्कन हसली. "पोटचं पोर द्यायला कोर्ट लागतं होय आता? मी तर हातानेच दिलं होतं. भिंतीवरून."

आईने सूप ढवळायचा चमचा वाटीत सोडून दिला.

गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच ती कुणी बोलत नसे. तरुणपणी आजी धाकट्या घरची सून होती. शेजारी थोरल्या घरी, तिच्या जावेला मूल होत नव्हतं. पूजा चालवायला थोरल्या घरात मुलगा हवा, म्हणून आजीचा पहिला मुलगा दूधपितेपणीच पलीकडे दिला गेला. तो मुलगा म्हणजे हाक्सू काका. त्यानंतर झालेले बोरामचे बाबा आजीकडे राहिले. एका आईचे दोघे भाऊ जन्मभर चुलतभाऊ म्हणून वावरले. थोरली आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी काका आपल्या आईला आजही काकूच म्हणत.

"काकू, जेवा तुम्ही," काका म्हणाले.

"जेवतेच आहे. मी पोरीला समजावतेय. एवढी कशाला घाबरतेस गं? काय झालं मला? काही झालं नाही. रोज दिसायचा. भिंत ती एवढीशी, रडला तरी ऐकू यायचा. एकदा गोवर निघाला होता. जाऊबाई त्याला गार पाण्याने पुसत होत्या. मी भिंतीवरून म्हटलं, गोवरात पाणी लावू नका. तर म्हणाल्या, धाकटे, तू तुझं काम बघ. मग बघितलं मी माझं काम. जगला ना? हा बघ, एवढा धिप्पाड झालाय. त्याच्या लग्नात मी काकवांच्या रांगेत बसले होते, तिसऱ्या. जेवण काय सुरेख होतं! त्यात अवघड काय आहे?"

बोलता बोलता आजीने पानात तुकडा गुंडाळला होता. तो तिच्या हातातच राहिला. तिखटाचा लाल ओघळ मनगटावरून बाहीत शिरत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि काकांना कुणी सांगितलं?" बोरामने विचारलं.

"बोराम, पुरे," तिची आई पुटपुटली.

"शाळेत कुणीतरी चिडवलं," आजी म्हणाली. "घरी येऊन त्याने जाऊबाईंना विचारलं. मला नाही विचारलं. बरोबरच होतं ते."

"पुरे झालं!" काकांनी वाटी खाली आपटली. "जुनी मढी उकरायला बसलोय का आपण इथं? मुद्द्याचं बोला. मूल घराबाहेर जाणार नाही."

बोरामला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. पण आलं ते रडू नव्हतं. महिनाभर साठलेला वैताग एकदम वर आला. क्रेट मागे ढकलत ती पोट सावरून उभी राहिली.

"मला हेच नकोय काका. हे असलंच. भिंतीवरून बघायचं, गप्प बसायचं आणि लग्नात तिसऱ्या रांगेत जेवायचं. संस्थेला मी एकच गोष्ट सांगितलीय, पहिल्यापासून खरं सांगणारं घर हवं. दत्तक आहे हे न लपवणारं. असतात अशी माणसं आता. इथं तुम्ही काय सांगणार? मी आत्या. दर सणाला येणार, डोक्यावरून हात फिरवणार, परत जाणार. आणि शाळेत कुणीतरी चिडवलं की मग..."

"थोरल्या घरच्या वारसाला असलं काही सांगायचं नसतं. उद्या पूर्वजांपुढे उभा राहणार आहे तो."

"तो, तो, तो! सकाळपासून ऐकतेय. एकाने तरी मला विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"मुलगी आहे."

नेमके तेव्हाच बाबा सिगारेट संपवून आत आले. सगळ्यांची तोंडं बघून दारातच थबकले. "काय झालं?"

"मुलगी," आई म्हणाली.

"कुणाला?"

काकांनी वाकून शेगडीची आच कमी केली. मग म्हणाले, "डॉक्टरही चुकतात."

"पुन्हा पुन्हा बघून सांगितलंय त्यांनी."

काकांनी चॉपस्टिक्स वाटीवर नीट आडव्या ठेवल्या. "असं," ते म्हणाले. आणि मग, गाडीचं भाडं जमत नाही म्हटल्यावर बोलावं तसं म्हणाले, "मग संस्थेचं काय ते बघ."

ते उठले. बोराम बघत राहिली. काय काय बोलायचं हे महिनाभर ती रात्री घोकत होती. एवढी तयारी केलेली लढाई एका शब्दात संपली होती, तिच्या मनासारखी संपली होती, आणि कानफटात बसावी तसे तिचे गाल जळत होते. घराबाहेर जाणार नाही म्हणे! निघालं की लगेच.

"मुलगी असती तर माझीही कुणी मागितली नसती," आजी म्हणाली.

ती कुणाशी बोलत नव्हती. हातातल्या घासाकडे बघून म्हणाली, इतकंच. पण काका तोवर शेडच्या पत्र्याच्या दारापाशी पोचले होते आणि त्यांना ऐकू गेलं. दाराच्या कडीवर त्यांचा हात तसाच राहिला. रुंद पाठ, खांद्यावर मिठाचे पांढरे डाग. बोरामला वाटलं, वळतील. ते वळले नाहीत. दार सरकवून बागेत निघून गेले आणि थंड वारा आत आला.

"दार लावा कुणीतरी," आजी करवादली. "मांस गार होतंय."

ग्युते दादा दार लावायला उठला आणि तोही बाहेरच राहिला. बाबांनी एकदा दाराकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोबीचा टप ओढून घेतला. या घरातल्या पुरुषांना घराबाहेर किती काम असतं, हे बोरामला लहानपणापासून ठाऊक होतं.

मिरान वहिनी उठली. "लसूण संपलाय," ती म्हणाली. लसूण संपला नव्हता. शीतघराच्या दारातून तिने हाक मारली, "बोराम, जरा इकडे ये."

शीतघरात सफरचंदांचा गोड, दाट वास कोंडला होता. वहिनीने हातमोजे काढले आणि ते कुठे ठेवावेत हे न सुचून पुन्हा हातात धरले. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सोलच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, सुया, औषधं, कोरियातल्या कुठल्या देवळात कुठल्या दिवशी जायचं ते सगळं करून झालं होतं. या घरात बोरामला मनापासून आवडणारं माणूस म्हणजे ही एकटी.

"मला चालेल," वहिनी म्हणाली.

"काय?"

"मुलगी. मला मुलगी चालेल. मामंजींनी ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही आणि आत्ता मोडलं तेव्हाही नाही. पण मला हवी आहे ती. मधल्या खोलीला रंगसुद्धा दिलाय मी. धान्य ठेवायला म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"वहिनी, असं नको ना करू."

"ऐक तरी. तुला सांगणारं घर हवंय ना? मी सांगेन. पहिल्या दिवसापासून. मामंजी बोंबलू देत. तुझं नाव घेऊन सांगेन, ही तुझी आई, हिच्या पोटात होतीस तू. मग तर झालं?"

तिची सगळी कारणं काकांसाठी तयार केलेली होती, आणि वहिनीने ती एका दमात काढून घेतली. पोटातल्या पोरीने फासळीखाली लाथ मारली. बोराम सफरचंदांच्या पेट्यांना टेकून उभी राहिली.

"सणाला मी येईन," ती हळूहळू म्हणाली. "तिला खोकला झालेला असेल आणि तू तिला गार दूध देत असशील. मी म्हणेन, वहिनी, देऊ नकोस. आणि तू म्हणशील, तू तुझं काम बघ."

"मी नाही असं म्हणणार."

"म्हणायलाच पाहिजेस. तू आई असशील. आणि समजा म्हणाली नाहीस, माझं ऐकलंस, तर ते आणखी वाईट. मग तिला दोन अर्ध्यामुर्ध्या आया. मला चांगली आत्या होता येणार नाही गं. मी प्रत्येक वेळी तिच्या कपड्यांची बटणं तपासेन."

"मग ठेव ना तू!" वहिनीचा आवाज एकदम चढला. "बटणांची एवढी काळजी आहे तर ठेव! कशाला देतेस? कुणी मारतंय तुला? तुझ्या आईची ना नाही, बाबांची ना नाही. चार दिवस लोक बोलतील आणि गप्प बसतील. तू ठेवत नाहीस, मला देत नाहीस, आणि कुठल्या तरी अनोळखी बाईला देतेस. ती देऊ दे गार दूध, ते चालेल तुला?"

"मला दिसणार नाही ते."

"वा!"

"वहिनी, मला आई नाही व्हायचं." बोरामने हे मोठ्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "लाज वाटते म्हणून देतेय असं सगळ्यांना वाटतं. किंवा तो पळाला म्हणून. तो राहिला असता तरी मला नकोच होतं. रोज सकाळी उठून बघते, आज वाटतंय का? नाही वाटत. तिचं चांगलं व्हावं असं वाटतं, खूप वाटतं, पण ते माझ्याकडे नाही."

वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं, की बोरामने नजर वळवली.

"हे तुला माझ्यासमोर म्हणता आलं," वहिनी म्हणाली. तिने लसणाची टोपली उचलली, खांद्याने दार ढकललं आणि ती बाहेर गेली.

उरलेला दिवस दोघी एकाच टपाच्या दोन बाजूंना बसून पानं भरत राहिल्या. आजी मिठावरून आईशी भांडत होती, आई डब्यांवरून बाबांशी. संध्याकाळी निघताना वहिनीने बोरामच्या हातात एक डबा दिला. "यात तिखट कमी आहे," ती म्हणाली. "तुला सध्या छातीत जळजळतं ना." एवढं म्हणून ती भांडी घासायला वळली.

जानेवारीत, बर्फ पडत असताना, तेगूत मुलगी झाली.

मूल जन्मल्यावर आठवडाभर आईची संमती घेत नाहीत, कायदाच आहे तसा. तोवर बाळ आईपाशीच राहतं. बोराम वसतिगृहाच्या छोट्या खोलीत मुलीबरोबर राहिली, आणि त्या दोघींबरोबर बोरामची आई. यातलं सगळ्यात अवघड काय होतं असं विचारलं असतं, तर त्या आठवड्यात बोरामने आईचंच नाव घेतलं असतं.

"सारखी घेऊन बसू नकोस. जीव लागेल."

"पाजायला तरी घ्यायला नको?"

"बाटलीने पाज." आणि थोड्या वेळाने, "अगं, रडतेय किती ती! घे की! दगड आहेस का?"

आठवड्याच्या शेवटी शेवटी आजी आली. आदल्या दिवसापासून ती हट्ट धरून बसली होती, आणि बाबांची गाडी बर्फात चालेना म्हणून तिला थोरल्या काकांनी आणलं होतं. आजीच्या हातात समुद्रशेवाळाच्या सुपाचं पातेलं होतं, बाळंतिणीला हेच देतात. पातेलं आईकडे देऊन तिने सरळ बाळ उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "नाक आपल्याकडचं नाही." काका दारातच उभे. कोट काढला नव्हता. ते भिंतीवरच्या हीटरकडे बघत होते.

"वहिनी कशी आहे?" बोरामने विचारलं.

"आहे," काका म्हणाले. वहिनी आली नव्हती. येणार नाही हे बोरामला ठाऊक होतं. त्या डब्यानंतर तिचा फोनही आला नव्हता.

थोड्या वेळाने काकांनी घसा साफ केला. "जन्माची नोंद केलीस का?"

"उद्या करायचीय. संमतीच्या आधी करावीच लागते."

"नाव काय लावणार?"

"लावीन काहीतरी. तिला घेणारे लोक बदलणारच आहेत."

"काहीतरी म्हणजे? कुत्र्याचं पिल्लू आहे का ते?" काका पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "आडनाव आपलंच लागणार. बान. पुढे इनहे लाव. बान इनहे."

आईचा हात पातेल्याच्या झाकणावर थांबला. घराण्यात प्रत्येक पिढीला एक अक्षर ठरलेलं असे. काकांच्या पिढीचं 'हाक', ग्युते दादाच्या पिढीचं 'ग्यु', आणि येणाऱ्या पिढीचं 'इन'. ते फक्त मुलग्यांना मिळायचं. बोरामला मिळालं नव्हतं, तिच्या कुठल्याच आत्याला मिळालं नव्हतं. 'इन' तर काकांनी बारा वर्षं ग्युते दादाच्या मुलासाठी राखून ठेवलं होतं.

"काका, 'इन' तर मुलांना लावतात."

"काय कुणाला लावतात ते तू मला शिकवू नकोस."

"पण बदलतील ना ते नाव."

"बदलू देत. आधी काय होतं ते कुठेतरी राहील." ते पुन्हा हीटरकडे बघायला लागले. "उद्या मोठी होऊन विचारलंच तिने, तर सांगणाऱ्याजवळ सांगायला काहीतरी नको? सांगतील ना ते तिला?"

"सांगतील. त्यांचा आधीचा मुलगाही दत्तकच आहे. त्याला माहीत आहे."

"तू बघितलंस?"

"नाही. संस्थेच्या बाईंनी सांगितलं."

"हं." काकांनी एकदा मान हलवली. बाळाजवळ ते गेलेच नाहीत. आजी तिला मांडीवर घेऊन पावलं चोळत बसली होती. त्या दोघींकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मग किल्ली हातात घेतली. "मी गाडी गरम करून ठेवतो. तुम्ही या सावकाश, काकू."

आजी खूपच सावकाश गेली. काका तेवढा वेळ बर्फात गाडी चालू ठेवून बसले आणि त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

नोंद झाली. बान इनहे. नंतर बोरामने संमतीची सही केली. संस्थेच्या बाई दयाळू होत्या आणि फार बोलत होत्या. सहीनंतरही विचार बदलता येतो, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत वेळ असतो, हे त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. बोरामला त्यांनी गप्प बसावंसं वाटत होतं. मुलगी झोपलेली होती. तिच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते बोरामने लावलं, आणि मग बाईंनी तिला उचललं.

घरी जाताना वाटेत आईला आठवलं की पातेलं वसतिगृहातच राहिलं. बाबा म्हणाले, राहू दे. आई म्हणाली, ते तुमच्या आईचं आहे, मलाच ऐकून घ्यावं लागेल. पार घराजवळचं योंगजू शहर येईपर्यंत दोघं पातेल्यावरून भांडले. मागच्या सीटवर बोराम खिडकीला डोकं टेकून बसली होती. गाव आलं तेव्हा तिचा सदरा पुढून भिजून चिकट झाला होता. कोट घट्ट ओढून ती आत गेली, पण आजीच्या नाकापासून काही लपत नसे.

"इकडे ये," आजीने आपल्या खोलीतून हाक मारली. "दार लाव. सदरा काढ."

"नको आजी. गोळी दिलीय डॉक्टरांनी."

"गोळी घे की. कोण नाही म्हणतंय? ये."

खोलीची खालून तापवायची जमीन छान ऊबदार झाली होती. आजीने कपाटातून सुती कापडाचा लांब पट्टा काढला. धुऊन धुऊन तो मऊ झाला होता. बोराम पाठमोरी बसली. आजीने पट्टा तिच्या छातीवरून घेतला, गुडघा तिच्या पाठीला लावला आणि म्हातारीच्या अंगात असेल नसेल तेवढं बळ लावून ओढला.

"आई गं! आजी, दुखतंय."

"दुखणारच. सैल बांधलं तर गाठी होतात. ताप येतो. मला कुणी सांगितलं नव्हतं." तिने दुसरा वेढा घेतला. "श्वास सोड."

बोरामने श्वास सोडला. बाहेर आई कुणाला तरी फोनवर पातेल्याचं सांगत होती. आजी वेढ्यावर वेढा घेत होती, आणि दर वेढ्याला तिचे खडबडीत हात बोरामच्या काखेतून पुढे येऊन परत मागे जात होते.

"कधी थांबतं हे?" बोरामने विचारलं.

आजीने कापडाचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली.

"दूध थांबतं," ती म्हणाली. "हात वर कर. अजून एक वेढा बसेल."